कोंबड्यांचा पंखा आणि लाल गाडी

मित्रांनो, पंखा म्हटले की तुम्ही लगेच छताकडे पाहता. जरा मान खाली करा. मी जमिनीवर उभा आहे, चार फूट उंच आणि चार फूट रुंद, पत्र्याच्या चौकटीत बसवलेला. मला सहा पाती आहेत, एक जाड पट्टा आहे आणि तो फिरवणारी मोटर आहे. अंगाला दोन-तीन ठिकाणी पोचे पडले आहेत. वय विचारू नका. एवढेच सांगतो, की माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले तिन्ही भाऊ केव्हाच भंगारात गेले.

माझी पहिली पंधरा वर्षे कोंबड्यांत गेली. हसू नका! शिरूर तालुक्यात निमोण्याच्या शिवारात म्हस्कूआप्पांचे पोल्ट्रीचे शेड आहे. आप्पांचे वडील मेंढरे घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आप्पांनी मात्र शेती धरली आणि बांधाला लागून हे शेड उभे केले. एप्रिल-मे महिन्यात पत्रा तापला की हजारो कोंबड्या चोची उघडून धापा टाकायच्या. आप्पा बटण दाबायचे आणि मी शेडातली गरम हवा ओढून बाहेर फेकायचो. एका कडक उन्हाळ्यात आजूबाजूच्या शेडांत पक्षी पटापट मेले, आमच्याकडे एकही दगावला नाही. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा पंखा हाय म्हनून." खोटे कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचे.

मग आप्पांचे गुडघे दुखू लागले आणि पोल्ट्री बंद झाली. शेडात कडब्याच्या पेंढ्या आल्या. माझ्या मोटरवर चिमण्यांनी घरटे केले. पात्यांवर धूळ आणि जुनी पिसे यांचा बोटभर थर बसला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, तसे झाले. चार वर्षे कुणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आणि एक दिवस हर्षदा घरी आली. ही आप्पांची मुलगी. पाबळच्या तंत्रशाळेत ती वेल्डिंग आणि वायरिंग शिकली, नंतर पाच वर्षे पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्या ट्यून करत होती. ते वर्कशॉप बंद पडले तेव्हा तिथले जुने डायनो यंत्र ती टेम्पोत घालून गावी घेऊन आली. शेडात खड्डा खणून तिने ते बसवले. डायनो म्हणजे जमिनीत पुरलेले दोन जाड पोलादी रूळ. गाडीची चाके त्या रुळांवर ठेवायची आणि गाडी पुढून-मागून पट्ट्यांनी करकचून बांधायची. मग गाडी कितीही जोरात पळवली तरी ती जागची हलत नाही, नुसते रूळ फिरतात. चाकांत किती जोर आहे हे त्या रुळांना कळते आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याचा आकडा उमटतो.

पण मित्रांनो, जागच्या जागी पळणाऱ्या गाडीला वारा कुठून मिळणार? वारा मिळाला नाही तर इंजिन तापते आणि सगळे आकडे चुकतात. म्हणून हर्षदाने मला बाहेर ओढले. आधी चिमण्यांची पिल्ले उडून जायची वाट पाहिली, मग पाइप लावून मला धुतले. नवा पट्टा घातला, खाली चाके बसवली आणि मला गाडीच्या नाकासमोर उभे केले. आजवर मी हवा बाहेर फेकत होतो, आता गाडीच्या तोंडावर फेकू लागलो. हर्षदाचा एक नियम होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती फडके घेऊन डायनोचे रूळ पुसायची आणि रविवारी माझे एकेक पाते. एवढी वर्षे मी खपलो, पण असे कुणी पुसले नव्हते.

वर्षभर काम बेताचेच होते. दोन-चार जीपगाड्या, एखादी जुनी मोटार. आणि एका शुक्रवारी ती लाल गाडी आली.

काय सांगू तुम्हाला! दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट टेकेल की काय अशी. वीस वर्षांची असूनही आरशासारखी लखलखीत. तिचा मालक सत्यजीत दौंडकडच्या ऊसवाल्या घरातला. त्याने गाडीत फार उठाठेव केली नव्हती. तोंडाशी हवेचा नवा उघडा फिल्टर बसवला होता आणि मागे मोकळा सायलेन्सर. आता हे नवे सामान गाडीच्या अंगी लागावे, म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोलचे हिशेब बदलून घ्यायचे होते. उतरल्यावर त्याने आधी खांद्यावरच्या पंच्याने काचेवरची धूळ पुसली आणि मगच रामराम घातला. मला तो तेव्हाच आवडला.

पहिली फेरी शुक्रवारी दुपारी झाली. मी सुरू झालो, मग गाडी सुरू झाली. तिचा आवाज पत्र्याला लागून परत यायचा तेव्हा माझी चौकट थरथरायची. आप्पा दारात उभे होते. बैलगाड्यांच्या शर्यतीतले ते जुने शौकीन, त्यामुळे प्रत्येक फेरीला ते बारीच म्हणायचे.

"बारी कितीची झाली?" त्यांनी विचारले.

"एकशे एक्केचाळीस एचपी, आप्पा."

"आरं बाबा! हिरीवरची आपली मोटार साडेसातची हाय, ती अर्धं रान भिजवती."

सगळे हसले. हर्षदाने पत्र्याच्या दारावर खडूने १४१ लिहिले आणि सत्यजीतला सांगितले, "दीडशेच्या वर जाईल दादा. दोन दिवस द्या."

त्या संध्याकाळी आप्पांनी विषय काढला. ते माझ्या चौकटीला टेकूनच बोलत होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरी, कंपनीचा मानूस येऊन गेला. सोमवारी पिल्लं उतरवतो म्हनतोय. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, शेड तेवढं आपलं."

"आन् माझं काम?"

"वरीस झालं, गाड्या किती आल्या? मी तुला नाट लावत न्हाई. ही लाल गाडी तू म्हनलीस तशी झाली, तर शेड तुझं. दौंडपातूर नाव हुईल, गाड्या येतील. न्हाई झाली तर सोमवारी पिल्लं. तुला कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी बघू."

हर्षदाने दारावरच्या १४१ या आकड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "चालंल."

कोंबड्यांचा मला राग नाही, पण आता मला गाड्यांची चटक लागली होती.

हे बोलणे आणखी एकीने ऐकले होते. हर्षदाची आई, गिताबाई. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच जेजुरीच्या भंडाऱ्याची पिशवी घेऊन शेडात आली. तुम्हाला ठाऊकच आहे, भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती गाडीवर उधळायला निघाली, पण हर्षदाने जमिनीवर लाल पट्टा आखला होता आणि गाडी चालू असताना तो कुणी ओलांडायचा नाही असा तिचा कडक हुकूम होता. गिताबाईने हुकूम मोडला नाही. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी भरवेगात फिरत होतो. "येळकोट येळकोट जय मल्हार! माझ्या पोरीचं शेड राहू दे रं देवा," असे म्हणून तिने मूठभर भंडारा माझ्या पाठीमागून उधळला.

मी तो ओढला आणि थेट गाडीच्या तोंडात फेकला. पिवळा ढग उठला आणि क्षणात नाहीसा झाला. देवाने भंडारा घेतला म्हणून सगळ्यांनी हात जोडले. हर्षदा मात्र गाडीत बसून कॉम्प्युटरकडे पाहत होती.

आकडा आला १३७.

हर्षदाने पेट्रोलचे प्रमाण थोडे बदलले आणि पुन्हा फेरी घेतली. आईला काळजी वाटली, म्हणून तिने या वेळी दोन मुठी उधळल्या. १३२. मग तीन मुठी. १२८. जसजसा आकडा उतरत गेला तसतशी आईची भक्ती वाढत गेली आणि जसजशी भक्ती वाढली तसतसा आकडा उतरत गेला.

मित्रांनो, मला कळत होते. माझ्याच पात्यांतून तर सगळे जात होते. पण मला घरघरण्यापलीकडे बोलता कुठे येते? मी जोरजोरात घरघरलो. हर्षदाने कान देऊन ऐकले आणि माझा पट्टा घट्ट केला. त्यामुळे मी आणखी छान फिरू लागलो आणि पुढचा भंडारा आणखी जोरात फेकला. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तरी हर्षदा डगमगली नाही. ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टायरमधली हवा तपासली, फेरी. प्लग काढून पाहिले, फेरी. टाकीतले पेट्रोल बदलले, फेरी. आपण काही बिघडवले असेल म्हणून कॉम्प्युटरमध्ये शुक्रवारचेच जुने प्रमाण परत घातले, तरी आकडा १२६. प्रत्येक वेळी ती दारावर खडूने आकडा लिहायची, एकही लपवत नव्हती. वाईट आकडाही ती चांगल्याएवढाच मोठा काढायची. आणि या प्रत्येक फेरीला आई माझ्या मागे उभी होतीच.

संध्याकाळी सत्यजीत आला. दारावरचे आकडे वाचून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, दोस्त म्हणत्यात की पुण्याला न्यायला पायजे होती."

"उद्या दुपारपर्यंत थांबा दादा. मला नाही सापडलं तर मीच गाडी पुण्याला पोचवते."

रविवार उजाडला. त्या दिवशी तिला उसंत नव्हती. एखाद्याने म्हटले असते, पुसापुशी आज राहू दे. पण रविवार होता, म्हणून तिने फडके घेतले आणि माझी मागची जाळी उघडली. पहिले पाते पुसले. फडके पिवळे झाले. तिने दुसरे पुसले. तेही पिवळे. तिने बोटे नाकाशी नेली. मग तिने मान वळवली आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या लाल गाडीच्या तोंडाकडे पाहिले. मी तर श्वास रोखूनच उभा होतो.

तिने धावत जाऊन गाडीचा फिल्टर काढला आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर आपटला. कागदावर हळदीचा ढीग पडला! फिल्टरच्या मागच्या नळीत केसासारखी बारीक तार असते. इंजिनात किती हवा जाते ते ती तार मोजते आणि त्या बेताने पेट्रोल सुटते. त्या तारेवरही पिवळा लेप बसला होता. तार हवा कमी मोजत होती, इंजिन अर्धपोटी पळत होते.

तेवढ्यात गिताबाई पिशवी घेऊन आलीच. तिने कागदावरचा भंडारा पाहिला आणि जागीच थबकली.

"म्हंजी माझ्यामुळं झालं व्हय हे सारं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. आता हर्षदा चिडेल असे मला वाटले. दोन दिवस तिने जीव तोडून काम केले होते, वरून शेड जायची वेळ आली होती. पण हर्षदाने हातातले फडके खाली ठेवले आणि आईजवळ गेली.

"तुझ्यामुळं न्हाई आई. लाल पट्टा मीच आखला. पंख्यामागं काय उधळायचं न्हाई, हे मीच सांगायला इसरले."

गिताबाई खाली बसली. भंडारा टाकून देत नाहीत. तिने चिमूटभर कपाळाला लावला, मुलीच्या कपाळाला लावला आणि उरलेला पदरात घेतला. दारात उभे असलेले आप्पा मेंढीच्या कोकराकडे पाहावे तसे लेकीकडे पाहत होते.

फिल्टर धुऊन उन्हात वाळवला. तार हलक्या हाताने साफ केली. दुपारी सत्यजीत आला, मी सुरू झालो आणि फेरी झाली. १४१. शुक्रवारचाच आकडा, पण हर्षदा लहान मुलीसारखी हसली. आता तिला खरा पाया मिळाला होता. मग तिने बेताबेताने पेट्रोलचे प्रमाण बदलले. १४६. १४९. शेवटच्या फेरीला त्या लाल गाडीने अशी डरकाळी फोडली की बांधावरचे बगळे उडाले. मी आयुष्यात दिला नव्हता एवढा वारा दिला.

"बारी कितीची?" आप्पांनी विचारले.

"एकशे त्रेपन्न."

सत्यजीतने पंचा हवेत भिरकावला. आप्पांनी खिशातून फोन काढला, बाहेर जाऊन कंपनीच्या माणसाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, पिल्लं नगं. शेड गुतलंय. लेकीचं काम हाय तितं."

आता आमच्याकडे दौंडहून, शिरूरहून, पार नगरकडूनही गाड्या येतात. फोटो गाडीचे निघतात, आकड्यांचे निघतात. माझा फोटो अजून कुणी काढलेला नाही आणि त्याचे मला थोडे वाईट वाटते, हे कबूल करतो. पण नवी गाडी आली की सगळ्यांत आधी गिताबाई येते. मी बंद आहे ना, हे ती दोनदा विचारून घेते. मग भंडाऱ्याचे बोट माझ्या चौकटीला, बरोबर मधोमध लावते आणि म्हणते, "पहिला मान वाऱ्याचा." मग मी दिवसभर आनंदात फिरतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. पंखा, सायकल, शिलाई मशीन, विहिरीवरची मोटार. आम्हाला तोंड नाही. काही बिघडले तर आम्ही सांगू शकत नाही. पण जो आम्हाला रोजच्या रोज हाताने पुसतो, त्याच्या बोटांना आम्ही सगळे सांगून टाकतो. म्हणून काम कितीही तातडीचे असले तरी पुसायचा दिवस चुकवू नका. त्या रविवारी हर्षदाने तो चुकवला असता, तर आज मी हे तुम्हाला नाही, कोंबड्यांना सांगत असतो.