खिशातला फ्यूज

“शिडी धर. आणि माझ्याकडे बघू नकोस, शिडीकडे बघ.”

ती शिडीकडेच बघत होती. दुसरीकडे बघायची तिची छाती नव्हती. शिडीचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. पुढ्यात माशांची टाकी, चांगली पाळण्याएवढी, पाण्याने भरलेली. आणि वर तिचा नवरा. जन्मभर वायरमन म्हणून राबलेला, आता केस पिकलेला, पाय लटपटणारा आणि हट्टाने मात्र अजून पंचविशीतला.

“अहो, लेक म्हणाला होता ना, रविवारी माणूस पाठवतो म्हणून?”

“माणूस पाठवतो! मग मी कोण, बुजगावणं?”

टाकी लेकानेच आणून दिली होती, बाबांचं मन रमावं म्हणून. रमलंही होतं. पण टाकीतल्या वनस्पती पिवळ्या पडायला लागल्या. झाकणातल्या दिव्याचा उजेड त्यांना पुरत नव्हता. मग हा लांबलचक दिवा आला, छतापासून दोन बारीक तारांवर टांगायचा. काल नवऱ्याने छतात हूक बसवले, घरभर चुना सांडला. आज दिवा टांगूनही झाला होता, टाकीवर अगदी सरळ रेषेत. आता छतातल्या वायरींशी जोडणी तेवढी राहिली होती.

तेवढीच तर तिला नको होती. गेलं वर्षभर ती घाबरून जगत होती, आणि हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. इस्त्री चालू ठेवून तो फिरायला निघून गेला, तेव्हा ‘मीच विसरले रे’ असं तिने लेकाला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी तो घराची वाट आठवत उभा राहिला, तेव्हा ‘मीच थांबायला सांगितलं होतं’ म्हणाली. लेक काही खुळा नव्हता. “आई, पुन्हा असं झालं ना, तर हत्यारांची पेटी मी उचलून नेणार,” असं त्याने बजावलं होतं. पेटी गेली की हा माणूस बसल्या जागी संपेल, याची तिला खात्री होती. म्हणून ती खोटं बोलत होती, आणि म्हणूनच आज मुकाट्याने शिडी धरून उभी होती.

धीर द्यायला एकच गोष्ट होती. त्याचा नियम. काम कुणाकडचंही असो, आधी फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. बोर्डावर ठेवायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही. “माझा जीव माझ्या खिशात,” म्हणायचा. एकदा तिने कुणाच्या तरी घरचा फ्यूज शर्टासकट साबणात भिजवला होता. त्या घरी अंधार, आणि हा फ्यूज पुसत, बायकोच्या नावाने बोटं मोडत सायकलवरून परत गेला होता. स्वतःच्या घरातला फ्यूज उडाला, की तार बदलून तो बाहेर पॅसेजमधल्या बोर्डापाशी उभा राहून ओरडायचा, “आली का गं?” आणि ती आतून ओरडायची, “आली!” त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं याच दोन शब्दांत झालं असेल.

आजही त्याने या खोलीचा फ्यूज काढला. टाकीतला हवेचा पंप थांबला, बुडबुडे थांबले, पाणी काचेसारखं स्थिर झालं. मग तो वर चढला आणि पुन्हा उतरला.

“टेस्टर राहिला बाहेर. आलोच.”

तो पॅसेजमध्ये गेला. ती शिडीपाशीच उभी राहिली. बाहेर पेटीतली खडखड ऐकू आली, मग काही नाही. आणि अचानक टाकीच्या कोपऱ्यातून बुडबुडे वर यायला लागले.

देवा, बरं झालं, असंच तिला आधी वाटलं. बेत बदलला असेल, काम उद्यावर गेलं असेल. पण तो आत आला तो हातात पक्कड घेऊन, आणि सरळ शिडी चढायला लागला.

“टेस्टर कुठाय?”

“आता कशाला टेस्टर? फ्यूज काढलाय ना.” त्याने खिशावर थोपटलं. खिशात काहीतरी टणक वाजलं. ती त्याच्या चष्म्याची डबी होती. तिचं टोक खिशातून वर डोकावत होतं.

काय झालं ते तिला समोर दिसावं तसं कळलं. पेटीपाशी वाकून उठताना त्याला बोर्डावर रिकामी खाच दिसली असणार. रिकामी खाच त्याला कधी बघवली नाही. त्याने खिशातला फ्यूज काढून लावून टाकला, आणि लावला हे विसरला. टेस्टरही विसरला.

वर त्याने छतातून वायरींची टोकं ओढून घेतली. टोकं जुनी, काळी पडलेली. वायर सोलायची त्याची पहिल्यापासून एकच रीत होती, दातांनी. तो मान वर करून वायर तोंडाकडे न्यायला लागला. टाकीकडे त्याची पाठ होती.

ओरडावं, तर तो दचकून थेट काचेवर पडणार. सोडून बोर्डाकडे धावावं, तर शिडी डुगडुगणार. आयुष्यात इतकी ती कधीच घाबरली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

“अहो,” ती जमेल तितकं हळू म्हणाली, “मला गरगरतंय.”

“आत्ता?”

“आत्ताच. पडेन मी. खाली या.”

त्याने वायर सोडली. “मुहूर्त बघून चक्कर येते हिला,” असं पुटपुटत एकेक पायरी उतरला. पण खाली आल्यावर तिचा चेहरा बघून त्याची बडबड बंद झाली. तिला स्टुलावर बसवलं, बाहीने तिच्या कपाळावरचा घाम टिपला.

“पाणी आणतो. हलू नकोस.”

स्वयंपाकघराकडे वळताना तो टाकीजवळून गेला आणि थांबला. बुडबुड्यांकडे बघत राहिला. मग त्याचा हात हळूहळू खिशात गेला. चष्म्याची डबी बाहेर आली. त्याने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, जणू फ्यूज आत सापडेल.

“मी लावला,” ती घाईघाईने म्हणाली. “तुम्ही बाहेर गेलात ना, तेव्हा चुकून.”

“पॅसेजमध्ये तर मीच होतो.” तो तिच्याकडे वळला नाही. “तुला खोटं बोलायला जमत नाही गं. इस्त्रीच्या वेळीसुद्धा जमलं नव्हतं.”

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तो तिच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसला, गुडघ्यांना मिठी घालून.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला.

एकदा शॉक बसून त्याचा हात काळा पडला होता, तेव्हाही तिने त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “रोजच वाटते.”

मग तो उठला आणि बाहेर गेला. बुडबुडे थांबले. परत येऊन त्याने फ्यूज तिच्या हातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

“तू ठेव. मी मागितला तरी द्यायचा नाही.”

“आता राहू द्या ना. रविवारी तो माणूस…”

“एवढं मला पुरं करू दे.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. “टेस्टर आणा आधी. आणि दातांनी सोलायचं नाही.”

“बरं बाई.”

तो चढला. तिने एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताची मूठ आवळली, आणि स्थिर पाण्यावरून नजर काढली नाही. वर जोडणी नीट बसली. चिकटपट्टीचे वेढे तर अगदी पूर्वीसारखे, एकावर एक. खाली उतरून त्याने सवयीने हात पुढे केला.

“दे.”

तिने मूठ उघडली नाही. त्याचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्याला आठवलं आणि त्याने तो मागे घेतला.

“मग तूच लाव,” तो म्हणाला. “पांढऱ्या भागाला धर, पितळेला बोट लावू नकोस. दुसरा हात पाठीमागे ठेव.”

इतक्या वर्षांत तिने त्या बोर्डाला फडकंसुद्धा लावलं नव्हतं. पॅसेजमध्ये ती एकटी उभी राहिली, डावा हात पाठीमागे घेऊन. तळव्यावर फ्यूजचे वळ उमटले होते. तिने श्वास रोखला आणि तो खाचेत दाबला. खट्ट झालं.

“आली का हो?” तिने ओरडून विचारलं.

आतून काहीच उत्तर आलं नाही. पुन्हा शिडी चढला का? वायरीला हात लावला का? की विचारायचं नेहमी त्यानेच, म्हणून उत्तर द्यायचं त्याच्या ध्यानातच आलं नसेल?

“अहो, आली का?”

“आली,” तो आतून म्हणाला.