कॅडोकची कुऱ्हाड

कॅडोकने दगडांवर कुऱ्हाड फेकली, हा अमेरिकेतल्या सस्क्वेहॅना नदीकाठच्या त्या वस्तीतला सर्वांत जुना विनोद. वेल्समधल्या त्याच्या गावची रीतच होती तशी. नवं घर उभं राहिलं किंवा घराला नवा मालक आला, की त्याने उंबऱ्यातून कुऱ्हाड फेकायची. पडेल तिथवर जमीन त्याची. उंबऱ्याच्या डाव्या हाताला बारमाही झरा, उजवीकडे खडकाळ माळ. आणि हा शहाणा फेकून मोकळा झाला माळाकडे!

कॅडोक हिवाळ्यात गेला, विनोद मात्र राहिला. त्याचा मुलगा तुडुर 'दगडवाल्याचा पोर' हे ऐकतच मोठा झालेला. यंदा पावसाने दगा दिला, वस्तीतल्या विहिरी आटल्या. उद्या जमीन मोजायला सरकारी माणूस येणार होता आणि झरा अजून कुणाच्याच नावावर नव्हता. तुडुरने झऱ्याभोवती घालायच्या कुंपणाचे खांब तासून ठेवले.

"कुंपण घाल, पण आधी आपली रीत पाळ," म्हणत त्याच्या आईने, लोरीने, बापाची कुऱ्हाड त्याच्या हाती दिली.

तो झऱ्याकडे तोंड करून उंबऱ्यात उभा राहिला. झऱ्यावर शेजारची जर्मन हाना पाठीला पोर बांधून पाणी भरत होती.

"हाना, बाजूला हो!"

"एवढी बादली भरू दे रे बाबा, मग घाल काय गोंधळ घालायचाय तो!"

तुडुरचा हात वरच राहिला.

"तुझ्या बापासमोरही अशीच एक होती," लोरी म्हणाली. "इथल्या मूळच्या लोकांतली. पाठीला पोर. ती हलेना, ह्याचा हात उठेना. शेवटी वळला आणि दिली भिरकावून माळावर."

"मग सांगायचं नाही का? लोक हसत होते आपल्याला!"

"नको म्हणाला. लोकांना कळलं तर ते पाणी उपकाराचं होईल, आणि उपकाराचं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणे. आणि उगाच देव करू नकोस त्याला. बाकीची जमीन तिच्याच लोकांची होती, ती घेतलीच की आपण."

त्या विनोदापायी तुडुर बापाशी कित्येक वर्षं धड बोलला नव्हता. आता बोलायचं तर बाप कुठे होता? त्याला भडभडून आलं. तो उजवीकडे वळला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने कुऱ्हाड फेकली. ती दगडांवर खणखणली.

हाना बादली टेकवून खो खो हसली. "अगदी बापावर गेलास की रे!"

"गेलो खरा!" तुडुर ओरडला, आणि डोळे पुसत कुऱ्हाड आणायला माळाकडे निघाला.