बाईचा अळू

आमच्या कापडे गावात त्या झाडाला कुणी लिली म्हटलं नाही. पान अळवासारखं, देठ अळवासारखा, जमिनीत कंद, आणि आलं बाईच्या बंगल्यातून, म्हणून तो बाईचा अळू. माझा थोरला भाऊ मालोजी चिडायचा. "गोमा, भाजीचा हाय काय तो? तोंडात घालून बघ, जीभ सुजंल," म्हणायचा.

महाबळेश्वरला एका पारशी बाईच्या बंगल्यावर दादा अठरा वर्षं माळी होता. बाई चैत्रात मुंबईहून यायची आणि पाऊस लागायच्या आत परत जायची. या पांढऱ्या फुलांवर तिचा फार जीव. सत्तावन्न सालच्या पावसात अख्खा वाफा कुजला. दिवाळीत बाई दोन दिवसांसाठी आली, वाफा बघितला आणि सगळ्या नोकरांसमोर म्हणाली, "मालोजी, तुझ्या हातानंच मेली ही." अठरा वर्षांच्या चाकरीला एवढं एक वाक्य. दादा त्याच दिवशी आंबेनळी घाट उतरून घरी आला. बंगल्याचा खानसामा तय्यब हा महाडचा, दादाचा जिवाभावाचा. कुजलेल्या वाफ्यातून निवडलेले सात कंद त्यानं ओल्या फडक्यात बांधून दिले होते.

"हे मी जगवणार आणि फुलवून बाईपुढं नेऊन ठेवणार," दादा म्हणाला. "चाकरी परत नको. माझा हात वाईट नाय, एवढंच तिनं म्हणावं."

मला हसूच आलं. धुक्यात वाढणारं झाड ते. आमच्याकडं होळी झाली की दगडावर पाय ठेववत नाही आणि नदीत डोह तेवढे उरतात. पण दादा हट्टी. आमच्या राबाच्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं भाताचं रोप करायला आम्ही दर साली शेण-पाला जाळून राब भाजतो, तिथं त्यानं वाफा केला. सकाळचं ऊन यावं आणि दुपारचं अडावं असा बांबू-गवताचा मांडव घातला. तळाला भोक पाडलेली मडकी मातीत गळ्यापर्यंत पुरली, म्हणजे पाणी आतल्या आत झिरपत राहील. राबासाठी साठवलेलं माझं शेण गेलं त्यात. रंगूवहिनी डोहावरून हंडे आणून मडकी भरायची. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा.

माघात एक फूल आलं. एकच. सगळा गाव बघून गेला, मीसुद्धा दोनदा जाऊन आलो. तसा पांढरा रंग मी कापसाचाही बघितला नव्हता. पण बाई यायला दोन महिने होते आणि तोवर फूल काही टिकणार नव्हतं. दादा म्हणाला, "पुढल्या साली कंद वाढतील. मग पाटीभर नेऊ."

फाल्गुनात पानं पिवळी पडून झोपली. वहिनी घाबरली, हंडा घेऊन धावली. दादानं तो हंडा तिथंच धरला. "पाणी घालशील तर कुजतील गो. मेले नायत, निजलेत. बाईच्या पुस्तकात हाय, गरम मुलखात हे उन्हाळाभर निजतात. पावसात वर इरलं ठेवू, दसऱ्याला उठतील."

सुकत्या झाडाचं पाणी तोडणारा माळी मी आजवर बघितला नव्हता. सगळ्यांसमोर तसं बोललोही. माझं जुनं इरलं दादानं नव्या पानांनी शिवलं आणि पडवीत टांगून ठेवलं.

चैत्र लागला तसा दादाला ताप भरला, खोकल्यातून रक्त पडायला लागलं. वहिनी त्याला घेऊन महाडच्या दवाखान्यात राहिली. गाडीत चढताना तो मला म्हणाला, "गोमा, कोपऱ्याला हात लावू नको."

मी एकट्यानं रानातून पाल्याच्या डहाळ्यांचा कवळ तोडून आणला, गवत वाहिलं. राब घालायला गेलो तर मांडवाखालचा कोपरा बोडका. पान नाही, कोंब नाही, माती भाजक्या खापरासारखी. तुकड्यातली सगळ्यात कसदार जागा ती, आणि तिच्यात माझंच शेण. बोटभर उकरून बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. शेण पसरलं, त्यावर कवळ, त्यावर गवत. दादाचा मांडवही मोडून त्यातच घातला. वरून माती भुरभुरली आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलं, म्हणजे आग सावकाश आणि खोल जाते.

पंधरा दिवसांनी दादा आला. घरी न येता रस्त्यावरून सरळ शेतात गेला. मी मागोमाग गेलो तेव्हा तो काळ्या कोपऱ्यात बसून हातानं माती उकरत होता. एकेक कंद काढून त्यानं ओळीनं मांडला. साताचे अकरा झाले होते. दाबला की भाजलेल्या रताळ्यात जावं तसं बोट आत जाई.

"मेलेलेच होते ना, दादा?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "आता मेले."

त्यानं शिव्या घातल्या असत्या, काठीनं बडवलं असतं, तर मी सुटलो असतो.

चौथ्या दिवशी तय्यब दारात उभा. पोलादपूरला गाडीतून उतरून उन्हातान्हाचा चालत आला होता आणि तोंडभर हसत होता. ओट्यावर दादा घोंगडी पांघरून बसला होता, शेजारी मी.

"मालूभाई, नव्या माळ्यानं दोनदा कंद लावले, दोनीदा कुजले," तय्यब म्हणाला. "मग मी बाईला खरं सांगून टाकलं, सात कंद तुझ्याकडं हायत म्हणून. बाई म्हणाली, त्याचे जगले असतील तर दोष माझ्या मातीचा, त्याच्या हाताचा नाय. कंद घेऊन ये. चुकले म्हणून ती सगळ्यांसमोर सांगणार हाय."

वहिनी दारातून माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं. दादानं घोंगडीतून हात काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"कंद मेले, तय्यब," तो म्हणाला.

"मेले? कसे?"

"माझ्या हातनं. बाईला सांग, ती म्हणाली तेच खरं."

चहा पुढं केला तो तय्यबनं घेतला नाही. मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला निघालो. एवढी लांब वाट, आम्ही दोघंच. सांगता आलं असतं. सांगायचंच म्हणून तर निघालो होतो. गाडी आली, तो चढला, आणि मी हात वर करून उभा राहिलो.

आषाढात, लावणी ऐन भरात असताना, दादा गेला. नेताना पाऊस कोसळत होता. वहिनीनं पडवीतलं ते इरलं काढलं आणि त्याच्या तोंडावर धरून अंगणाच्या कडेपर्यंत चालत आली.

त्या साली वरच्या कोपऱ्यातलं रोप गावात सगळ्यांत दाट आलं. लावणीला आलेली माणसं मुठी उपटता उपटता विचारायची, "गोमाजी, काय घातलंस रे एवढं?"

मी सांगायचो, "राब चांगला भाजला."