मनगटावरचा फोड

बाळाच्या मनगटावर पाणी भरलेला टप्पोरा फोड दिसला. वहिनी आंघोळीला गेली होती. मी, एवढी तोंडाळ आत्या, पण भावाला खुणेनंच बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं.

आमच्या घराण्याची कातडी म्हणजे भारी नखरेल. जरा घासलं की फोड. नवी चप्पल घातली की तळपाय कामातून गेले. कातडीच्या पेशींना केराटिन नावाचं प्रथिन आतून घट्ट धरून ठेवतं. ते ज्या जनुकावरून बनतं, त्यातच आमच्याकडे चूक आहे. बाबांकडून ती आम्हा दोघा भावंडांना आली. बाळाला येण्याची शक्यता निम्मी होती, आणि त्याच्या तपासणीचा रिपोर्ट आजच यायचा होता. तोवर आम्ही त्याला उशीवर ठेवूनच उचलत होतो. झबली उलटी घालत होतो, शिवण टोचू नये म्हणून.

"झालं ना ताई! आता रिपोर्ट कशाला हवाय?" भाऊ म्हणाला.

"गप रे! अभद्र बोलू नकोस." पण माझाही धीर सुटला होता.

वहिनी केस पुसत आली. आमची तोंडं बघूनच तिनं बाळाचा हात धरला आणि पांढरीफटक पडली. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. भाऊ फोनला हात लावेना, म्हणून मीच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"रिपोर्ट स्वच्छ आहे. तुमच्या घरातली चूक बाळात नाही."

मी भडकलेच. "अहो, इथे डोळ्यांसमोर फोड आहे! नमुने बदलले असतील तुमचे!"

"दोनदा तपासलंय. फोड कुठे आहे? एकच ना?"

"एकच. मनगटावर."

"हात चोखतो का तो?"

आम्ही वळून पाहिलं. आईच्या हातातून मनगट सोडवून घेऊन पोरगं ते चुपूचुपू चोखत होतं.

"चोखून येतो असा फोड. उद्या दाखवायला आणा, पण काळजी करू नका."

फोड म्हटला की आम्हाला दुसरं काही सुचतच नाही, त्याला काय करणार!

"खादाड मेला!" मी म्हणाले आणि रडूच फुटलं.

भावानं उशीसकट बाळ उचललं. वहिनीनं उशी ओढून घेतली. "छातीशी धरा. घट्ट."

"ताई, घट्ट म्हणजे किती गं?" त्यानं मला विचारलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? आमच्या आईनं आम्हाला कधी करकचून मिठी मारलीच नाही. तिचा जीवच झाला नाही. शेवटी वहिनीनं त्याचे हात बाळाभोवती आवळले. बाळानं लाथा झाडल्या, तरी त्यानं सोडलं नाही.

संध्याकाळी भावाच्या हातावर फोड आला, बाळाची टाच लागली होती तिथे. तो फोडायला मी नेहमीप्रमाणे सुई उकळून आणली.

"आजच्या दिवस राहू दे गं," तो म्हणाला.