हँडब्रेकच्या वरची जागा

गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. फुकटात मिळालेली पदवी कुणाला नको असते? जन्म गेला ड्रायव्हरच्या सीटवर बसून आवाज लावण्यात, पण गाडी काही चालवता येत नव्हती. ती दुकानात घ्यायला तो गिऱ्हाइकालाच सांगायचा.

आज मात्र कानसेनची पंचाईत झाली होती. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडमची पिटुकली गाडी तिसऱ्यांदा परत आली होती. गाणं मॅडमच्या मनासारखं वाजलं की त्यांना लग्नाचं विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. आणि गाणं काही वाजायला तयार नव्हतं.

"अहो, गाणारी बाई शेजारच्या घरात गातेय असं वाटतं," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या खेपेला त्याने दारांचे पत्रे आतून मढवले होते, दुसऱ्या खेपेला छोटे स्पीकर काचेच्या कोपऱ्यात सरकवले होते. आता दारांचे स्क्रू आवळून तो नेहमीसारखा ड्रायव्हरच्या सीटवर बसला, डोळे मिटले आणि बटणं फिरवू लागला. गाणारी बाई अगदी नाकासमोर येऊन उभी राहिली!

"या, ऐका आता!"

मॅडम गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. ऐकलं, आणि मान हलवली.

"तिकडे का बसलात?"

"मग कुठे बसू? स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं. सहा वर्षं मी इथेच बसते, हा काय माझा वेगळा ब्रेक!"

त्याच ब्रेकच्या शेजारून कानसेनने तीनदा वायर नेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो हसत सुटला, मॅडमही डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"तुमच्याकडे आणू आवाज?"

"आणि घाबरलेल्या शिकाऊंनी काय ऐकायचं? त्यांच्यासाठीच तर गाणं लावते मी."

"गाडी एवढीशी, मॅडम. दोघांना सारखं हवं तर आवाज बरोबर मध्ये येणार, हँडब्रेकच्या वर. तिथे कोण बसतं?"

"आणा तर खरं!"

त्याने आणला. दोघं आपापल्या सीटवर कान देऊन बसले. तो जरासा मध्ये झुकला, त्याही झुकल्या, आणि टक्कन डोकी आपटली. गाणारी बाई तिथेच होती, लख्ख.

"इथे छान वाजतंय," मॅडम म्हणाल्या. डोकं काही त्यांनी मागे घेतलं नाही.

आठवडाभर घोकलेलं भाषण कानसेन साफ विसरला. "लग्न कराल माझ्याशी?" एवढंच तोंडातून निघालं, तेही डोळे गच्च मिटून. आनंद आणि भीती एकदमच झाली होती त्याला.

"करीन की! पण उद्यापासून शिकायला यायचं. आणि त्या सीटवर डोळे उघडे ठेवायचे."