सायलेन्सरमधला चार नंबर

माझा मोठा भाऊ झुंबर सापडला. विंचूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या बिनकठड्याच्या विहिरीत, सव्वातीन वर्षांनी. आम्ही त्याला घरी आणला तेव्हा तो त्याच्या पाना-पकडींच्या पिशवीपेक्षा हलका झाला होता.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. आमच्या घरात तशीच पद्धत होती. झुंबरदादा कामावर गेला होता. लासलगावच्या मार्केट यार्डात वजनकाटे दुरुस्त करायला म्हणून १९८१ च्या डिसेंबरात सकाळी सातला निघाला, आणि काम जरा लांबलं. आई, म्हणजे विमलाबाई पगारे, रोज संध्याकाळी पाच भाकऱ्या टाकायची. दोन माझ्या, एक तिची, आणि दोन दादाच्या. दादाच्या दोन सगळ्यात शेवटी, कारण त्याला गरम लागायच्या. कोपऱ्यावर त्याच्या येझदीचा आवाज आला की ती त्या दोन तव्यावर घ्यायची. आवाज येईनासा झाल्यावर ती थोडा वेळ कान देऊन थांबायची आणि मग घ्यायची. सकाळी त्या मी चहात बुडवून खायचो. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. शिळी भाकरी चांगली लागते, एवढंच मी एकदा म्हणालो, तर ती म्हणाली, "त्याची हाय ती. जपून खा."

पोलिसांत तक्रार दिली होती. तिथल्या हवालदारानं विचारलं, "भांडण झालं होतं का घरात?" आई म्हणाली, "घरात नाय. शेजारी झालं होतं." हवालदारानं तेही लिहून घेतलं.

शेजारचं भांडण पेल्याचं होतं. आमचे वडील गेले त्या वर्षी आईनं त्यांचे सगळे कपडे बोहारणीला देऊन स्टीलचे सहा पेले घेतले. नवऱ्याची एवढीच इस्टेट, म्हणून ती भांडीबाजारात जाऊन त्यांवर नाव घालून आली. नाव घालणारा अक्षरावर पैसे घेत असल्यामुळे 'वि. ना. पगारे' एवढंच, आणि पुढे एक ते सहा नंबर. नंबर कशाला, असं मी विचारल्यावर म्हणाली, "एखादा हरवला तर कुठला हरवला ते कळायला नको?"

आणि हरवला. १९७९ साली चार नंबर गेला. त्या आठवड्यात शेजारच्या कुसाबाई दोनदा ताक मागायला आल्या होत्या. आईनं उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "कुसाबाई, चार नंबर तुमच्याकडं आला का?" कुसाबाई म्हणाल्या, "माझ्या घरात काय कमी पेले हायेत का?" त्यावर आई म्हणाली, "हायेत ना, आता एक जास्तच असंल." तिथून दोघींचं बोलणं बंद. मध्ये एक विटेची भिंत. अलीकडची शिंक पलीकडे ऐकू जायची, पण बोलणं बंद.

पेला दादानं घेतला होता. त्याच्या गाडीला दोन सायलेन्सर. उजव्यातली आवाज दाबायची नळी सडून गेली होती आणि नवी मिळायला महिना लागणार होता. तेवढ्यात त्याला दिसलं की आईचा पेला त्या नळकांड्यात बरोब्बर बसतो. पेल्याच्या बुडाला सात भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं. सहा सरळ पडली. सातव्याला ड्रिल घसरलं आणि भोक पार कडेला गेलं, माझ्या अंगठ्याचा थोडा भाग बरोबर घेऊन. दादा म्हणाला, "वाळ्या, आईला बोललास तर दुसऱ्या अंगठ्यालाही पाडीन." मग पेला आत ठोकून बसवला. तेव्हापासून गाडीच्या फटफटीखाली एक बारीक 'टिण्ण' यायचं. आई म्हणायची, "आपल्या झुंबरची गाडी लांबूनच ओळखू येती. घरचंच वाटतं." आम्ही दोघं मान डोलवायचो.

पुढं मी नाशिकात द्वारका चौकाजवळ छोटं गॅरेज टाकलं. माझं नाव झालं ते जुनी गाडी पारखण्यात, त्यातही सायलेन्सर. इंजिन खोटं बोलतं, मीटर तर जन्मजात खोटारडा असतो. सायलेन्सरला ते जमत नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकला की आत जाळी आहे की नुसती पोकळी ते कळतं. इंजिनातून निघणारा बेंडपाइप जिथे निळा पडलाय तिथे कुणीतरी पेट्रोलच्या मिश्रणाशी खेळलेलं असतं. वेल्डिंगचा टाका रंगाखाली लपवला तरी नखाला लागतो. आणि गाडी चालू करून तोंडाशी तळहात धरला की धूर कसा येतो त्यावरून आत काय केलंय ते सांगता येतं. लोक पत्रिका दाखवायला नेतात तशा माझ्याकडे गाड्या आणायचे.

१९८५ च्या फेब्रुवारीत रावजी गुरुजी अशीच एक गाडी घेऊन आले. गुरुजी आमच्या चाळीच्या मागच्या कॉलनीत राहायचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे. बरोबर बुधा दलाल होता, सटाण्याकडचा.

"जयभीम, वाळू. एवढं बघून दे," गुरुजी म्हणाले. "सायलेन्सरला कुणी हात लावलाय का? शाळेसमोरून जायचं असतं. गुरुजीच फटफट करायला लागले तर पोरांना कोणत्या तोंडानं गप्प बसा म्हणू?"

"काय बघशे त्यात?" बुधा म्हणाला. "एकदम कोरी गाडी शे. डॉक्टरनी वापरेल शे."

आजवर बुधानं विकलेली प्रत्येक गाडी डॉक्टरनी वापरलेली होती. नाशिक जिल्ह्यात एवढे डॉक्टर असते तर कुणी मेलंच नसतं.

काळी येझदी. दादाची मरून रंगाची होती, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. नंबर वेगळा. चेसिसवरचे आकडे जरा जास्तच ठळक, पण ते बुधाच्या सगळ्याच गाड्यांचे असायचे. डावा सायलेन्सर ठोकला. ठक्क. उजवा ठोकला. टिण्ण.

गाडी चालू केली आणि उजव्याच्या तोंडाशी तळहात धरला. धुराचे सहा बारीक झोत हाताच्या मध्यावर लागले. सातवा अंगठ्याच्या मुळाशी, कडेला.

मी हात तसाच धरून राहिलो. भाजायला लागला तरी.

"काय रे?" गुरुजी म्हणाले. "काही केलंय का त्यात?"

खरं सांगितलं असतं तर दादा त्याच क्षणी मेला असता, माझ्या गॅरेजात, मंगळवारी, सकाळी साडेअकराला. गाडी विकून माणूस परत येत नसतो, आणि दादा ती गाडी विकणाऱ्यातला नव्हता. मला दुपारपर्यंत दोन कार्बोरेटर द्यायचे होते. मी हात पुसला.

"नाही गुरुजी. कंपनीचाच आहे. घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी सायलेन्सरवर खोटं बोललो. बुधालाही आश्चर्य वाटलं.

गाडी कुठे राहायला जाणार आहे याचा मी विचारच केला नव्हता. त्याच संध्याकाळी सात वाजता, गुरुजी शिकवणीवरून परतताना, ती आमच्या चाळीसमोरून गेली.

आईच्या तव्यावर तिसरी भाकरी होती. टिण्ण आवाज आला. तिनं वर पाहिलं नाही. फक्त भाकरी उलटायचा हात थांबला. मग पिठाच्या हातानंच ती दारात गेली. गाडी पुढं निघून गेली. थंडी होती म्हणून गुरुजींनी तोंडाला मफलर गुंडाळलेला.

"पुढं गेला," ती आत येऊन म्हणाली. "वळवून आणत असंल."

तिनं ताट वाढलं. त्या रात्री मला दोन भाकऱ्या गिळायला शंभर घास लागले. मी सांगणार होतो. सांगायचं वाक्य तयार होतं, पण त्यात दोन क्रियापदं होती आणि दोन्ही भूतकाळी.

बुधवारी पुन्हा तेच. या वेळी आई आधीपासूनच दारात होती. गाडी गेली, वळून आली नाही. ती बराच वेळ आमच्या भिंतीकडे बघत बसली.

"वाळ्या, चाळीला रंग दिला ना औंदा," ती म्हणाली. "आधी पिवळी होती. त्याला घर ओळखू येत नसंल."

"आई—"

"सव्वातीन वर्षं म्हणजे काय कमी झाली का? उद्या तू कोपऱ्यावर उभा राहा. हात दाखव. मोठा भाऊ हाय, लाजायचं काय त्यात?"

गुरुवारी मी कोपऱ्यावर उभा राहिलो. हे मी केलं, आणि असं काही पुन्हा करायची वेळ दुश्मनावरही न येवो. सात वाजता येझदी आली. मी हात दाखवला. गाडी थांबली. मागून आईच्या चपलांचा आवाज आला. ती पळत होती. तिला पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गुरुजींनी मफलर सोडला. "काय वाळू? अरे, विमलाबाई? काय झालं?"

आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा तोंडाकडे, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर फरक पडेल.

"गुरुजी, ही गाडी तुमची?"

"हो बाई. मंगळवारीच घेतली. वाळूनंच बघून दिली."

आई माझ्याकडे वळली. "तू बघितलीस?"

"बघितली."

"आन ओळखली?"

मी खिशातून पाना काढला, उजव्या सायलेन्सरचं टोपण सोडलं, पकड आत घातली आणि पिळत पिळत पेला बाहेर ओढला. काळा, तेलकट, कोळसा झालेला. आईनं तो चटका बसत असताना हातात घेतला आणि पदरानं एका जागी घासला. आधी 'पगारे' दिसलं. मग चार.

गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "तू तर कंपनीचा म्हणालास रे."

"चुकलो गुरुजी."

त्यांनी गाडी तिथेच स्टँडवर लावली आणि चालत घरी गेले. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. चांगला मास्तर होता.

आईनं घरी येऊन बंबाची राख घेतली आणि पेला घासला. अर्धा तास. मी म्हटलं, "आई, राहू दे." तिनं पाणी ओतलं, ते सातही भोकांतून गळून गेलं. तिनं पुन्हा ओतलं. मग पेला पदराला पुसला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या दारात गेली.

"कुसाबाई, चार नंबर आमच्याच घरात होता. झुंबरनं नेला होता."

कुसाबाईंकडे सहा वर्षांची उत्तरं साठलेली होती. त्यांनी तोंड उघडलंही. मग पेला बघितला, त्याची भोकं बघितली, आईकडे बघितलं.

"विमल," त्या म्हणाल्या, "आत ये. आत ये तू आधी."

दार लागलं. मग विटेच्या भिंतीपलीकडून आवाज आला. सव्वातीन वर्षांचा, एकदम.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणि पेला घेऊन पोलिसांत गेलो. हवालदार तोच होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "पेला बाहेर का काढला? वस्तू जागेवर मिळाली पाहिजे. आत बसवून आणा, मग आम्ही शोधतो." मी गल्लीत जाऊन पेला परत ठोकला, आत आलो, आणि त्यांनी दोन पंचांसमोर तो शोधला. पंचनाम्यात आहे : 'सदर पेला सायलेन्सरमध्ये, राखेने स्वच्छ घासलेल्या स्थितीत मिळून आला.'

बुधानं कुणाकडून घेतली, त्यानं कुणाकडून, असं करत पोलीस चार हातांमागे विंचूरच्या एका ट्रॅक्टरवाल्यापर्यंत गेले. तो म्हणाला, गाडी तीन दिवस विहिरीपाशी उभी होती. बेवारस समजून नेली. विहिरीत डोकावला होतास का, असं विचारल्यावर म्हणाला, "गाडी तर वरच होती, साहेब."

मग विहीर उपसली. ते मी सुरुवातीला सांगून टाकलंय, पुन्हा सांगत नाही. कागदावर कारण असं आहे : 'पाणी पिण्यास उतरला असता पाय घसरून.' पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि ओंजळीनं प्यायचं तर पार खाली वाकावं लागतं. पाणी वर काढून प्यायला त्याच्याजवळ भांडं नव्हतं. म्हणजे होतं, पण मी त्याला सात भोकं पाडून दिली होती.

गाडी आता पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, पेला आतच. मुद्देमाल म्हणतात. आम्ही दादाचं सगळं रीतीप्रमाणे केलं. कुसाबाई रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतात. आईला आता सगळं ठाऊक आहे आणि ती पाच भाकऱ्या टाकते. सकाळी मी खातो. परवा ती म्हणाली, "वाळ्या, अर्ज लिही. साहेबांच्या हुकमानं तरी हात थांबंल." तिनं सांगितलं, मी कागदी भाषेत घातलं, कुसाबाईंनी साक्षीचा अंगठा दिला.

विषय : मुद्देमाल मोटारसायकल सायंकाळी चालवणेबाबत.

महोदय, अर्जदार ही मयताची आई असून मयत हा मयत असल्याचे तिला मान्य आहे. तिच्या हातांना अद्याप मान्य नाही. सबब, सदर गाडी, पेला क्र. ४ आत असताना, रोज सायंकाळी सात वाजता एका शिपायामार्फत आमच्या चाळीसमोरून नेण्यात यावी व तेथे थांबवण्यात यावी. शिपायाने जेवण्याचे कारण नाही, नुसते थांबावे. हे नियमात बसत नसल्यास, अर्जदाराने शेवटच्या दोन भाकऱ्या टाकू नयेत असा लेखी हुकूम, गोल शिक्का व सहीनिशी, दोन प्रतींत देण्यात यावा. पैकी एक प्रत स्टोजवळच्या भिंतीस लावण्यात येईल. हुकूम कोणत्याही दिवशी दिला तरी चालेल, मात्र पीठ मळण्यापूर्वी, म्हणजे सायंकाळी सहाच्या आत, पोचता व्हावा.