रखमाजीआण्णांचं स्वागत

पेठच्या मंगल कार्यालयात माइकपाशी उभा राहिला तेव्हाच सुनील दमलेला होता, अंगानंही आणि मनानंही. जुन्नर-आंबेगावात लग्न असो की दशक्रिया, आलेल्या पाहुण्यांची नावं गावासकट पुकारायची ती सुनीलनंच, आणि तीही कागदाशिवाय. कागद बघून नाव घेतलं की पाहुणा परका होतो, असं तो ऐटीत सांगायचा.

आता त्याच ऐटीनं त्याचा गळा धरला होता. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडला, तेव्हा नुसते पाय जड होणार, असं त्याला वाटलं होतं. पण पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुनं शाबूत राहील, नवीन ऐकलेलं मात्र टिकेलच असं नाही. हे त्यानं बायकोशिवाय, उज्ज्वलाशिवाय, कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं की माइक गेलाच. त्यापेक्षा चालताना तोल जातो म्हणून लोक "घेतो वाटतं" म्हणत, ते परवडलं.

उज्ज्वलानं सकाळपासून त्याच्याकडून नावं घोकून घेतली होती.

"लिहून देऊ का?"

"नको."

बिचारीनं हात टेकले.

सुरुवातीची नावं बरी गेली. मग पुढच्या रांगेत चिमाबाई दिसल्या आणि जुनी सवय जिभेवर आली. "निरगुडसरचे रखमाजीआण्णा सपत्नीक आलेत, त्यांचं स्वागत करतो."

सगळ्यांच्या माना माइककडे वळल्या. चिमाबाईंचे यजमान रखमाजीआण्णा गेल्या महिन्यात वारले होते. घोडनदीच्या घाटावर त्यांच्या दशक्रियेला सुनीलच बोलला होता.

"सकाळीच घेतली का राव?" मागून कुणीतरी म्हणालं.

हो म्हटलं असतं तर माइक वाचला असता. पिणाऱ्याला गाव चार दिवसांत माफ करतं. पण समोर चिमाबाई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"घेतली न्हाई," तो माइकवरच म्हणाला. "मला मेंदूचा आजार हाय. ऐकल्यालं ध्यानात राहत न्हाई. मावशी, चुकलो."

माइक ठेवून तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला. जेवणं सुरू झाली. नवऱ्या मुलाचा चुलता कागदावरून अडखळत नावं वाचू लागला. चिमाबाई हळूहळू सुनीलपाशी आल्या. तो उठायला गेला, पण पाय उठेनात.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्या डोक्यात आमचं मालक अजून लग्नाला येत्यात, तर येऊ दे. घरात त्यांचं नाव बी कुणी घेत न्हाई आता."